अंगणातली जुनी जीप: हौस कुणाची, हिशोब कुणाचा?



खोपोलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमच्या ह्यांनी आणि मुलानं एक जुनी जीप पाहून ठेवली आहे. बंद पडून किती वर्षं झाली कोण जाणे. टायर बसलेत, मागच्या बाकावर कोंबड्या निजतात. 'आपण सगळे मिळून घरीच तयार करू' असं दोघं म्हणतात. 'सगळे मिळून' म्हटलं की पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी होकार देऊ का?"

पत्र वाचून हसू आलं खरं, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. दिवाळीचा बोनस, रविवारची विश्रांती, मागचं अंगण आणि घरातली शांतता, एवढं सगळं त्या एका मोडक्या गाडीच्या पोटात जाऊ शकतं. आणि बेतानं केलं तर मुलांच्या हाताला वळण लागतं, बापलेकांना बोलायला विषय मिळतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठून बाहेर यावंसं वाटतं, हेही तितकंच खरं. आमच्या घरी, कर्जतला, हे काम दोन वर्षं चाललं. म्हणून चार गोष्टी सांगायचा मला अधिकार आहे असं समजते.

आपल्याकडे एवढ्या जिपा आल्या कुठून?

कर्जत-खालापूरकडच्या कुठल्याही गावात जा. गोठ्याच्या बाजूला नाहीतर आंब्याखाली एखादी जीप गंजत उभी दिसतेच. त्याला कारण आहे. आपला मुलूख बोरघाटाच्या पायथ्याचा. पाऊस धो-धो, वाड्या डोंगरात, आणि डांबरी सडक ही फार पुढची गोष्ट. पेठच्या किल्ल्याखाली आंबिवलीकडे किंवा कोंढाण्याच्या लेण्यांखाली कोंदिवड्याकडे पावसाळ्यात जायचं म्हणजे एकतर पायी, नाहीतर जिपेनं. गावात जीप आली म्हणजे कुणी साहेब आले, लस टोचणारे आले किंवा मतपेट्या आल्या, असंच धरलं जायचं. सरकारी जिपा जुन्या झाल्या की लिलावात निघायच्या, आणि मग त्या शेतकऱ्यांच्या, ठेकेदारांच्या दारी यायच्या.

जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीनं १९४१ पासून ती सैन्यासाठी बनवली. आपल्याकडे जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची पोलादाची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली पेढीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलिस जिपेचे सुटे भाग बोटीनं आणून मुंबईत जोडायचं काम याच पेढीनं सुरू केलं, आणि पुढे गाडी इथेच घडू लागली. म्हणजे आपल्या अंगणातली ती गंजकी गाडी तशी मुंबईचीच लेक म्हणायची.

आमची जीप १९७२ सालची. सासऱ्यांनी लिलावात घेतलेली. त्यांच्यामागे ती आठ वर्षं जांभळाखाली उभी होती.

पहिला प्रश्न: शोभेला की वापरायला?

गाडीला पाना लावायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी जेवायला बसताना हा प्रश्न सोडवून टाकावा. पैठणी पेटीत ठेवायची की नेसायची, तसंच हे. दोन्ही बरोबर, पण दोन्हीचा खर्च वेगळा आणि कायदाही वेगळा.

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये नियम केले. अशी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी त्या नियमांत २० हजार रुपये ठेवली, नोंदणी १० वर्षं चालते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. पण मेख अशी, की ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही आणि भाड्यानं द्यायची नाही. प्रदर्शन, विंटेज गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची.

ज्यांना आठवड्याच्या बाजाराला आणि शेतावर जायचंय, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांनी नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. मुदत उलटून गेली असली तर दंड महिन्यामहिन्यानं चढत जातो. तेव्हा भावाची घासाघीस करण्याआधी आरसी बुकातली तारीख बघा. आपल्या भागाचं हे काम पनवेलच्या आरटीओत होतं. फी मधूनमधून वाढते, म्हणून ऐकीव आकड्यावर न जाता त्याच आठवड्यात विचारून घ्या.

आणि एक. जुन्या पेट्रोल जिपेत डिझेल इंजिन बसवून देणारे मिस्त्री पुष्कळ. "वहिनी, निम्म्या खर्चात पळेल" असं सांगतात. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे परवानगीवाचून असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असं बजावलं आहे. इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी, मग मिस्त्री.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात का? यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. शाळा फारशी न शिकलेल्या या कारागिरानं भंगारातून एक छोटीशी जीप घडवली, मुलाची हौस म्हणून. दुचाकीसारखी किक मारून चालू व्हायची. खर्च सुमारे ६० हजार. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केलं, पण त्याच वेळी सांगितलं, की नियमांप्रमाणे ही गाडी आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. म्हणून ती गाडी घेऊन त्यांनी २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला बोलेरो दिली. हुन्नर पहिल्या प्रतीचं होतं. तरी नियमाला नियम आडवा आलाच. आपल्याला बदल्यात बोलेरो द्यायला कुणी येणार नाही, तेव्हा आपण आधीच विचारून घेतलेलं बरं.

गाडी नावावर कुणाच्या?

हा प्रश्न विचारायला आपण बायका संकोचतो. संकोचू नका. जुन्या गाडीचे कागद बहुधा सासऱ्यांच्या, आजेसासऱ्यांच्या नाहीतर भलत्याच माणसाच्या नावावर असतात. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची, असा नियम आहे. बाकीच्या वारसांची संमती लागते. दुखऱ्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, आणि मग वर्षं निघून जातात.

आमच्याकडे सासऱ्यांचे दिवस झाल्यावर जीप कुणाच्या नावावर करायची यावरून बोलाचाली झाली. यजमानांना वाटत होतं थोरल्याच्या नावावर व्हावी. भाऊजींचं म्हणणं, विकून दोघांत वाटून टाकू. त्याच सुमाराला गिऱ्हाईकही चालून आलं. हल्ली आपल्याकडे फार्महाऊसं फार झालीत ना, एका साहेबांना फाटकाशी उभी करायला जुनी जीप हवी होती. वर कुंड्या ठेवणार म्हणाले! दोघं भाऊ तीन दिवस एकमेकांशी नीट बोलत नव्हते. मी दोघांना एवढंच विचारलं, "आईंना विचारलंत का?" कुणीच विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "ह्या गाडीनं पाच बाळंतिणी वाडीवरून कर्जतच्या दवाखान्यात नेल्यात. एकदा तर मीच मागे धरून बसले होते. तिच्यात कुंड्या नकोत." झालं. जीप सासूबाईंच्या नावावर झाली. भाऊजींच्या आणि नणंदेच्या सह्या त्याच आठवड्यात मिळाल्या, कारण आईच्या नावाला कोण नाही म्हणणार?

तेव्हा खोपोलीच्या भगिनींना माझं सांगणं: घ्यायची असेल तर चासीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरला आहे का, बघा. आणि संसाराच्या पैशातून गाडी येणार असेल तर ती आपल्या नावावर यायला काहीच हरकत नाही. तसं बोलून दाखवा.

जिपेची ओळख

मुलांना पहिलं काम हे द्या. पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजायला सांगा. युद्धातल्या विलिस जिपेला ९ फटी असत, नंतरच्या साध्या, म्हणजे सैन्याच्या नसलेल्या जिपेला ७. मग बॉनेट बघा. आपल्याकडे जास्त दिसते ती 'सीजे थ्री बी'. तिचं बॉनेट उंच, कपाळ वर आल्यासारखं. कारण तिच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर असतात आणि धूर सोडणारे बाजूला. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं.

गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे दिसतील. एकानं पुढची चाकंही ओढायला लागतात. जात्याला एकीच्या जोडीला दुसरीनं हात लावावा, तसं. दुसऱ्या दांड्यानं वेग कमी होऊन जोर वाढतो, चढाला आणि चिखलाला. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकं जोडून चालवू नये. वळताना पुढची-मागची चाकं सारख्या वेगानं फिरत नाहीत, त्यांची ओढाताण होते आणि आतले दाते झिजतात. ही गोष्ट पुष्कळ पुरुषांनाही ठाऊक नसते, बरं का!

वही घाला

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण किराणावाल्याला असतं. म्हणून पहिल्या दिवशी दोनशे पानी वही घाला. चार रकाने पाडा: तारीख, वस्तू, किंमत, पैसे कुठून आले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात 'पगारातून', 'ओव्हरटाईम', 'भाऊजींकडून' असं स्वच्छ लिहायचं. मी अर्धवेळ शिक्षिका, पगार बेताचा. माझ्या पगारातून मुलांची फी आणि सासूबाईंची औषधं होतात, त्याला हात लावायचा नाही हे पहिल्या पानावर लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. गाडीला महिन्याला ३ हजार ठरले. महिन्यात लागले नाहीत तर डब्यात साठवायचे. जास्त लागले तर डबा भरेपर्यंत काम थांबवायचं. टायर घ्यायचे होते तेव्हा काम चांगलं पाच महिने थांबलं. त्यानं काही बिघडलं नाही. गाडी आठ वर्षं थांबली होती, आणखी पाच महिन्यांनी तिला काय होणार?

वहीचा आणखी एक उपयोग. भांडण झालं तर माणसं एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत, वहीकडे दाखवतात.

खर्चाचा क्रमही ठरवून ठेवा. आधी ब्रेक आणि स्टीअरिंग, मग पत्रा, मग इंजिन, मग वायरिंग, आणि रंग अगदी शेवटी. घरोघरी उलटं होतं. रंग आधी चढतो, कारण तो शेजाऱ्यांना दिसतो.

मोकळी करताना

गाडी सोडवायची म्हणजे स्वयंपाकघर आवरण्यासारखंच काम, आणि ते आपल्याइतकं कुणाला येतं? प्रत्येक भाग सोडवण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढायचे. नट-बोल्ट एका परातीत ओतायचे नाहीत. दूध पावडरचे रिकामे डबे, लोणच्याच्या बरण्या, जुना मसाल्याचा डबा काढून द्या. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव घालायचं: 'पुढचं डावं चाक', 'रेडिएटर', 'दाराचं बिजागर'. आमच्या धाकट्यानं हे काम केलं, त्याचं अक्षरही त्यातून सुधारलं. जोडताना परक्या मिस्त्रीनंसुद्धा डबे पाहून मान डोलावली.

बारीकसारीक गंजलेल्या वस्तूंना घरचाच उपाय आहे. काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, स्वच्छ धुऊन, लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. हा शेवटचा भाग चुकवला तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस पडतं. मोठ्या पत्र्याला मात्र तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि गंज काढायचं द्रावण, त्यावर लाल ऑक्साईडचा हात. आपल्याकडच्या पावसानं जिपेचा तळ आधी जातो. पायाखालच्या पत्र्यावर पेचकसाच्या मुठीनं ठोकून बघा. टणत्कार आला तर पत्रा जिवंत. भद्द वाजला तर तेवढा कापून नवा जोडायला हवा. गाडी घेताना हीच परीक्षा करा आणि त्याप्रमाणे भाव पाडा.

इंजिन जाम असेल तर कुणाला जोर लावू देऊ नका. प्लग काढून त्या भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग हळूहळू हातानं फिरवून पाहायचं. जुन्या गाडीला हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवून धरायचा नाही. हँडल उलटं फिरलं तर अंगठा मोडतो.

पेट्रोलबद्दलही एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओल धरतं. तेव्हा पेट्रोलचे जुने पाईप बदलूनच घ्या, आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल भरून ठेवू नका.

हे मात्र कटाक्षानं पाळा

- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. खाली लोखंडी स्टँड हवेत. विटा आणि सिमेंटचे ठोकळे चालत नाहीत, ते वजनाखाली एकदम फुटतात.
- काम करताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. इंजिन चालू असताना पंख्याच्या पट्ट्याजवळ लोंबतं काही नको. मंगळसूत्रही काढून देव्हाऱ्यात ठेवावं. त्यानं काही अशुभ होत नाही.
- बॅटरीजवळ हात घालताना धातूच्या बांगड्या आणि अंगठ्या काढा. दोन टोकांना टेकल्या तर जागच्या जागी तापून हात भाजतो.
- जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुंकायची नाही, झाडायची नाही. ओल्या फडक्यानं टिपून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. हे काम मोठ्यांनीच, तोंडाला चांगला मास्क लावून.
- जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, पाणी मारून घासा. त्या वेळी लहान मुलं जवळ नकोत.
- टाकी रिकामी करताना शेजारी शेगडी, समई, उदबत्ती, काही नको. पेट्रोलनं हात धुवायचे नाहीत.

कामाची वाटणी

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे काम सुरू होऊन दोन रविवार झाले आणि माझ्या लक्षात आलं, की मुलाच्या हातात पाना आहे आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात चहाचा ट्रे! कुणी मुद्दाम केलं नव्हतं. आपोआप झालं होतं. पण आपोआप होणारंच मोडायला कठीण असतं. तिसऱ्या रविवारी वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला. ज्याला चहा हवा त्यानं करायचा, आणि बाकीच्यांसाठीही करायचा. पाना आळीपाळीनं. रविवारचा स्वयंपाकही आळीपाळीनं. यजमानांनी पहिल्यांदा पिठलं केलं तेव्हा गुठळ्या झाल्या. मुलांनी त्या निमूट खाल्ल्या.

मुलीनं कार्ब्युरेटर उघडून साफ केला. बारीक भोकांतून तार न घालता फुंकून कचरा काढायचा असतो, नाहीतर भोक मोठं होतं. शिवणाच्या सुईत दोरा ओवणारा हात, तिला ते चांगलं जमलं. सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि कुठला आवाज कुठून येतो ते सांगायच्या. वीस वर्षं त्या गाडीत बसल्या होत्या. त्यांचा कान मिस्त्रीपेक्षा तयार होता.

सीट आणि हूड मी घरी शिवलं. कॅनव्हास जाड, त्यामुळे पायमशीन पायानं न चालवता चाक हातानं फिरवून टाके घालायचे. १८ नंबरची सुई, नायलॉनचा मजबूत दोरा, टाका मोठा आणि शिवण दुहेरी. चार पदर एकावर एक येतात तिथे मशीन अडतं, तेवढे कोपरे मोच्याकडून शिवून घ्यावेत. शिवून झाल्यावर शिवणीवर मेणबत्ती घासून वरून कोमट इस्त्री फिरवली, की पाणी झिरपत नाही. इस्त्रीखाली जुनी पोतडी ठेवा.

कपड्यांवर ग्रीसचा डाग पडला तर पाणी लावायच्या आधी त्यावर तांदळाचं पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा. झटकून मग भांड्यांचा साबण चोळा, आणि नंतर गरम पाण्यात धुवा. हे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. हाताला साखर आणि खोबरेल तेल चोळून मग साबण लावला की काळेपणा निघतो, कातडीही फुटत नाही.

स्टीअरिंग कुणाच्या हातात?

गाडी चालू झाली, तपासून घेतली, नोंदणी वाढवली, विमा आणि पीयूसी झालं. यजमानांनी सगळ्यांना घेऊन पहिली फेरी खोपोलीच्या वरच्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळापर्यंत काढली. घाटाची वाट दाखवणारा हा धनगर. जुन्या रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर अजूनही त्याला नाणं वाहतात. सासूबाईंनीही वाहिलं. जुन्या रस्त्यानंच गेलो. उघड्या बाजूंची, संथ चालणारी जुनी जीप द्रुतगती मार्गावर नेण्यात शहाणपण नाही.

पण तिथे थांबू नका. मोटारीचा परवाना असला की जीपही चालवता येते. शिकाऊ परवाना काढा, महिनाभर रिकाम्या मैदानात सराव करा. स्टीअरिंग जड असतं, पण चाक थोडं चालतं ठेवून वळवलं की हलकं जातं. क्लचपर्यंत पाय पोचत नसेल तर पाठीशी घट्ट उशी घ्या. मी शिकले. आता शनिवारी बाजार मी करते, आणि भाऊजींच्या शेतावरचं भात गिरणीत मीच नेते. मुलीला मात्र १८ पूर्ण झाल्यावरच. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पालकांना २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "गावातल्या गावातच तर" ही सबब चालत नाही.

तेव्हा, खोपोलीच्या भगिनी, होकार जरूर द्या, पण तीन अटींवर. कागद आधी, पैसे नंतर. वही तुमच्या हाती. आणि 'सगळे मिळून' म्हणजे काम, चहा आणि स्टीअरिंग, तिन्हींत सगळ्यांची पाळी. या तिन्हींना घरच्यांनी हो म्हटलं तर जीप खुशाल दारात आणा. एकालाही नाही म्हटलं, तर कोंबड्यांना तिथेच निजू द्या. त्यांची झोप मोडण्याइतकं महत्त्वाचं ते काम नाही.

पुढच्या अंकात: पावसाळ्याआधी धान्य वाळवून भरून ठेवताना घ्यायची काळजी. तुमच्या युक्त्या पत्रानं कळवा. पत्ता स्वच्छ अक्षरात लिहा, म्हणजे उत्तर देता येईल.